ट्रकची ओढ वाढवायचीय पण खिसा लहान आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. आमच्या घरची टाटा ७०९ आहे, २००९ ची, टर्बोवाली (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा), आणि डिझेलचा पंप मेकॅनिकल, म्हणजे कॉम्प्युटरशिवायचा. भोसरीतून टर्निंग-बोअरिंगचं भंगार भरून कोल्हापूरला फाउंड्रीत जायचं आणि येताना कास्टिंग आणायचं, म्हणजे दोन्ही बाजूला लोखंडच, आणि जाताना खंबाटकीचा घाट. इंजिनाच्या मागे लागून मी चुकीच्या ठिकाणी बराच पैसा घातलाय, त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं ठेचा खाऊन शिकलेलं आहे. ओळखीतले गाडीवाले फोन करून जे विचारतात तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: गाडी ओढत नाही, घाटात मागचे हॉर्न मारून जीव खातात. पहिल्यांदा काय बदलू?

काहीच बदलू नका. खरंच सांगतो. जुन्या गाडीचं काय असतं, कंपनीने दिलेली ताकदच तिच्यात उरलेली नसते, कुठे फिल्टर चोक, कुठे पाइप लीक, कुठे ब्रेक घासतोय, आणि आपण निघतो वरून आणखी ताकद चढवायला. म्हणजे फुटक्या माठात जास्त पाणी ओतायचं. आधी जी ताकद हरवलीय ती परत आणा, ती सगळ्यात स्वस्त मिळते, आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं.

प्रश्न: मग ती हरवलेली ताकद शोधायची कशी? गॅरेजवाला तर डायरेक्ट इंजिन खोलायचं म्हणतो.

इंजिन खोलायच्या आधी करण्यासारख्या गोष्टी भरपूर आहेत आणि त्यातल्या निम्म्या फुकटात होतात.

एक, अ‍ॅक्सिलरेटर. क्लीनरला केबिनमध्ये बसवून पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही खाली पंपाचा लिव्हर बघा, तो शेवटच्या स्टॉपला टेकतो का. केबल ढिली झाली असेल, लिंकेज झिजलं असेल किंवा पॅडलखाली जाड मॅट असेल तर लिव्हर पाऊणच फिरतो आणि आपण म्हणतो इंजिन गेलं. हसू नका, हे मी दोन गाड्यांवर बघितलंय.

मग हवा. एअर क्लीनर काढून नुसती हवा मारून परत बसवायची सवय सगळ्यांना आहे, पण हवा मारून मारून कागद फाटतो आणि धूळ सरळ टर्बोत आणि रिंगांत जाते. आमच्या रूटवर भोसरी-चाकणची धूळ आहे त्यामुळे मी फिल्टर बदलतो, साफ करत बसत नाही. टर्बोपासून इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) रबरी होज हाताने दाबून बघा, क्लॅम्पखाली तेलकट काळा डाग दिसला की तिथून हवा गळतेय समजा. साबणाचं पाणी मारून बघितलं तर बुडबुडे येतात.

डिझेलचं बघा. फिल्टर, वॉटर सेपरेटर, टाकीतली जाळी, आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का तेही. भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि लांब चढावर गाडी हळूहळू मरते, थांबून झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि परत चालू. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून उतारावर गाडी धरणारा ब्रेक, असेल तर त्याची पट्टी अर्धवट बंद राहून अडकते, तीही बघा, सायलेन्सरच्या तोंडाला बोळा कोंबून गाडी पळवल्यासारखं होतं ते.

शेवटचं, वीस-तीस किलोमीटर चालवून थांबा आणि चारही बाजूच्या ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका, नुसता जवळ न्या. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर ब्रेक धरलाय, आणि तुमचं डिझेल तिथे जळतंय.

प्रश्न: तुमच्या गाडीत काय निघालं होतं?

एक पाइप. पेनापेक्षा बारीक. टर्बोवाल्या गाडीच्या डिझेल पंपावर डायफ्रॅमवाला, म्हणजे पडद्याचा, एक डबा असतो, मॅनिफोल्डमधून एक बारीक पाइप त्याच्यात जातो, टर्बोने हवा दाबली की तो डायफ्रॅम दबतो आणि मगच पंप पूर्ण डिझेल सोडतो. ती नळी बँजोपाशी, म्हणजे जोडाच्या बोल्टपाशी, चिरली होती. म्हणजे टर्बो बिचारा हवा देतोय, पंपाला त्याची खबरच नाही, तो आपला कमी डिझेल देत बसलाय. धूर नाही, आवाज नाही, नुसती ओढ नाही. त्याआधी एका मेस्त्रीने मला हेड उतरवायला लावलं होतं, गॅस्केट नवीन, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, चार दिवस गाडी उभी, भाडी बुडाली ती वेगळी, आणि गाडी जशीच्या तशी. शेवटी नाना पेठेतून पाइप आणला, अर्ध्या तासात काम झालं. वडील अजून टोमणे मारतात त्यावरून.

प्रश्न: बजेट किती धरायचं? आकडा सांगा.

आकडा गाडीगणिक बदलतो, त्यामुळे वाटणी सांगतो. समजा वर्षाला ६० हजार बाजूला काढलेत. त्यातले १५ हजार हात न लावता ठेवायचे, कारण जुनी गाडी खोलली की आतून काहीतरी निघतंच, एक बोल्ट तुटतो आणि दोन दिवस जातात. उरलेल्या ४५ मधला पहिला घास ब्रेक आणि कूलिंगचा, मग हवा आणि डिझेलची लाइन, मग पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) टेस्ट बेंचवर तपासून घेणं, आणि शेवटी काही उरलंच तर गेज वगैरे. टर्बो, इंटरकूलर बदलणं हे पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये धरूच नका.

अजून एक खर्च कोणी लिहीत नाही, गाडी उभी राहिल्याचा. हप्ता थांबत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही. त्यामुळे काम पावसाळ्यात किंवा मंदीच्या आठवड्यात काढा, दिवाळीच्या तोंडावर पंप उतरवून बसू नका.

आणि सगळं एकदम करू नका, एका वेळी एकच काम, मग दोन खेपा चालवायच्या, मग पुढचं. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही.

प्रश्न: पंप वाढवून घेऊ का? मित्राने वाढवला, गाडी उडते म्हणतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंप वाढवणं म्हणजे पूर्ण पॅडलला जेवढं डिझेल जातं त्याचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडणं. डिझेल इंजिनात हवा आपली आपण जेवढी येईल तेवढी येते आणि ताकद डिझेलवर ठरते, त्यामुळे डिझेल वाढवलं की ओढ वाढते हे खरं आहे, खोटं नाही. पण कुठपर्यंत, तर जाळायला हवा शिल्लक आहे तोपर्यंत. एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण डिझेल इंजिनात हवा आणि डिझेल नीट मिसळायला वेळच मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात १८-२० किलोच्या खाली गेलं की काळा धूर सुरू होतो. तो काळा धूर म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं आणि न जळलेलं डिझेल, बाकी काही नाही.

धुरापेक्षा वाईट म्हणजे उष्णता. जास्त डिझेल टाकून चढावर दहा मिनिटं पॅडल दाबून ठेवलं की एक्झॉस्टचं तापमान चढत जातं, आणि टर्बोच्या आधी सातशे डिग्रीच्या वर ते सारखं राहायला लागलं तर पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो, हेड सगळ्यांचंच आयुष्य कमी होतं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, त्याला खालून तेल गार ठेवतं म्हणून तो टिकतो. पाण्याचा काटा हे काहीच दाखवत नाही, पाणी नॉर्मल आणि पिस्टनचं तोंड जळालेलं असं होऊ शकतं. मित्राची गाडी उडते ती सपाटीवर आणि पहिले सहा महिने.

मग करायचं काय, तर पंप आणि नोझल उतरवून पंपवाल्याकडे बेंचवर लावा आणि कंपनीच्या आकड्यावर आणा. सगळ्या सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का, नोझल कितीला उघडतो, फवारा धुक्यासारखा पडतो की थेंब गळतो, हे बेंचवर दिसतं. दहा-बारा वर्षं चाललेला पंप नीट सेट करून आणला की लोकांना वाटतं वाढवून आणला. तुम्ही समोर उभे राहा, रीडिंग कागदावर लिहून घ्या. आणि पंप परत बसवताना टायमिंगचं, म्हणजे डिझेल नेमकं कधी सुटतं त्याचं, नीट बघा, दोन डिग्री इकडेतिकडे झालं तरी आवाज, धूर आणि अ‍ॅव्हरेज तिन्ही बदलतात.

प्रश्न: धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं सील. पांढरा सकाळी थंडीत थोडा आला तर सोडून द्या, गरम झाल्यावरही येत राहिला तर नोझल, टायमिंग किंवा पाणी आत जातंय, आणि वास गोडसर असेल तर कूलंट.

प्रश्न: एचपी बघायचं की टॉर्क? नेमकी किती ताकद लागते घाटाला?

हिशोबच करूया, पाचवी-सहावीचं गणित आहे. साडेसात टनाची भरलेली गाडी, ५ टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर, आणि ताशी ३० चा वेग. वजन वर उचलायला आणि टायरच्या घर्षणाला, जे वजनाच्या १ टक्का धरतो, दोन्ही मिळून चाकांवर साधारण ३७ किलोवॅट म्हणजे ५० एचपी लागतात. गिअरबॉक्स-हाउसिंगमध्ये थोडे जातात ते वरचे.

आता मजा बघा. इंजिनाची ताकद १० टक्के वाढवली तर तोच चढ ३० ऐवजी ३३ ने चढाल. बास, तीन किलोमीटर. आणि एक टन जास्त भरला तर तेवढ्याच ताकदीत ३० चा २६-२७ होतो. म्हणजे टनभर ओव्हरलोड हे तुमचं सगळं अपग्रेड खाऊन वर उधारी ठेवतं. वर कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि जादाच्या प्रत्येक टनाला २ हजार आहेतच. ज्याला ओढ पाहिजे त्याने आधी वजनकाट्यावर गाडी घालून रिकामी गाडी किती भरते ते बघावं, आमच्या हौद्यात जुन्या लोखंडी प्लेटा, दोन स्टेपनी, जॅक, साखळ्या असं काय काय वर्षानुवर्षं फिरत होतं, उगाच.

टॉर्कचं म्हणाल तर चढावर गिअर न बदलता गाडी टिकते ती टॉर्कवर, वेग किती राहतो ते एचपीवर. आपल्याला दोन्ही लागतं पण पोस्टर बघून भांडत बसायची गरज नाही.

प्रश्न: पुण्यात गाडी मुंबईपेक्षा कमी ओढते असं म्हणतात, खरं आहे?

थोडं खरं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, इथली हवा पाच-सहा टक्के पातळ. बिनटर्बोच्या इंजिनाला तेवढा फटका बसतो, टर्बो ते बऱ्यापैकी भरून काढतो. पण गाडी मरतेय त्याला कारण हे नाही.

प्रश्न: माझी जुनी बिनटर्बोची गाडी आहे, वरून टर्बो बसवू का?

नको. टर्बोचं इंजिन आणि साधं इंजिन बाहेरून जुळी भावंडं दिसतात पण पिस्टन, कॉम्प्रेशन, तेलाची व्यवस्था, हेड गॅस्केट, रेडिएटर, पंप सगळं वेगळं असतं. नुसता टर्बो लटकवून चालवलेली गाडी मी एकच बघितलीय, ती आता कुठेय विचारू नका.

प्रश्न: टर्बो आहे पण इंटरकूलर नाही, किंवा इंटरकूलर जुना झालाय. फायदा होईल?

जुना असेल तर आधी साफ करा, बाहेरून माती आणि आतून तेल. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना हात लावून बघितलं असेल ना, तसंच. १३० डिग्रीची हवा ६० वर आणली तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये जवळपास २० टक्के जास्त हवा मावते, आणि एक्झॉस्टचं तापमानही उतरतं. म्हणून पंपाचा स्क्रू फिरवण्यापेक्षा इंटरकूलर चांगला हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण ज्या गाडीला कंपनीने दिलाच नाही तिथे तो बसवायला ब्रॅकेट, पाइपिंग, रेडिएटरपुढची जागा, फॅनची हवा सगळं बघावं लागतं, आणि रेडिएटरपुढे जाळी उभी केली की पाणी तापायला लागतं. बजेटमध्ये बसत नाही, सोडा.

आणि टर्बो टिकवायचा असेल तर घाट चढून ढाब्यावर थांबल्या थांबल्या चावी काढू नका. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, इंजिन बंद केलं की तेल बंद, गरम टर्बोत राहिलेलं तेल करपतं. दोन मिनिटं आयडल, तेवढ्यात चहाची ऑर्डर द्या.

प्रश्न: कूलिंगचं एवढं महत्त्व का सांगता?

कारण जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता भरलेली गाडी चढावर घातली की ते कळतं. रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं) करून घ्या, फॅनबेल्ट, होज, झाकणाचं प्रेशर बघा. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती बंद करा, इंजिन थंड राहिलं की डिझेलही जास्त खातं आणि सिलिंडरचे लायनरही झिजतात. कूलंट घाला, बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या बोअरचं पाणी म्हणजे खडू.

प्रश्न: ब्रेकचा आणि इंजिनच्या ताकदीचा काय संबंध? उगाच खर्च वाढवताय.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तुम्ही बघितलाय का? पुण्यातल्या माणसाला तिथे काय काय झालंय ते वेगळं सांगायला नको. लांब उतार, डिझेल वाचवायला कोणीतरी न्यूट्रल मारतो, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की ब्रेकचं लायनर पकडत नाही, आणि पुढे ट्रॅफिक उभं. ज्या गाडीला चढायला ताकद दिली ती उतरतेही तेवढ्याच वजनाने. म्हणून ड्रम, लायनर, ब्रेकची हवा गळते का, एक्झॉस्ट ब्रेक चालतो का, हे आधी. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा ही जुन्या ड्रायव्हर लोकांची शिस्त होती. आणि न्यूट्रलने डिझेल वाचतं हेही खोटं, कॉमन रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांत, गिअरमध्ये पॅडल सोडलं की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट आयडलचं जळतं.

प्रश्न: माझी बीएस-४ / बीएस-६ गाडी आहे, लॅपटॉप लावून रिमॅप करतात म्हणे. करू?

कॉमन रेलमध्ये सगळं ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हातात असतं, त्यामुळे रिमॅपने, म्हणजे त्याचं प्रोग्रामिंग बदलून, ताकद खरोखर वाढते. पण तुमच्या गाडीसाठी फाइल कोणी बनवली, एक्झॉस्टचं तापमान कोणी मोजलं, हे विचारलं की बहुतेक जण विषय बदलतात. वॉरंटीत असाल तर ती हातची जाते. रेल प्रेशरच्या सेन्सरला फसवणारे छोटे डबे मिळतात ते तर नकोच, ते ईसीएमला खोटं सांगतात आणि इंजेक्टर भोगतात, कॉमन रेलच्या इंजेक्टरचा सेट किती येतो ते विचारून बघा मग कळेल.

या गाड्यांत आधी स्कॅनर लावा. बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) सेन्सर काळा झालाय, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरलाय, की ईसीएमनेच ताकद कापलीय, ते कोडवरून कळतं.

प्रश्न: डीपीएफ आणि ईजीआर काढून टाकू का? धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्चही वाचेल.

नाही. बीएस-६ एप्रिल २०२० पासून आलं आणि ही सगळी सिस्टीम गाडीच्या मंजुरीचाच भाग आहे, काढलीत तर गाडी बेकायदेशीर होते. युरिया संपला की ताकद कापायची सोय कंपनीनेच ठेवलेली असते, त्याला फसवायला अजून एक डबा, मग तो बिघडला की भर रस्त्यात गाडी कासव. डीपीएफ वारंवार भरत असेल तर कारण शोधा, सारखी शहरात छोट्या खेपा, चुकीचं ऑइल किंवा गळका इंजेक्टर. हायवेला तासभर नीट लोडवर चालवली की बऱ्याचदा तो आपोआप जळून साफ होतो.

प्रश्न: कायद्याने काय चालतं काय नाही? आरटीओ पकडेल का?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टींशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुरुस्ती, सर्व्हिस, तोच स्पेअर नवीन टाकणं याला काही अडचण नाही. इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नवा नंबर, एमएच-१२ असो की एमएच-१४.

पंप वाढवलेली गाडी पीयूसीला अडकते, डिझेलला पॅडल दाबून धूर मोजतात, बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ एचएसयू (धुराचं माप) आणि बीएस-४ ला ५० ची मर्यादा आहे. तिथे स्क्रू परत फिरवून आणि नंतर पुन्हा वाढवून घेणारे आहेत, मला माहितीय, पण दर वेळी पंपवाल्याला पैसे देण्यात कसली बचत? आणि अपघात झाला की इन्शुरन्सवाले काय काय विचारतात तो वेगळा विषय.

प्रश्न: ४९७ इंजिनाच्या जागी ६९७ इंजिन बसवलं तर?

बसवतात लोक, पण आधी नावाची गंमत सांगतो. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि तोच बोअर. १२८ च्या स्ट्रोकला चार सिलिंडरचे ३,७८३ सीसी होतात आणि सहाचे ५,६७५, हिशोब करून बघा जुळतो. म्हणजे दीडपट इंजिन. वजन वाढलं, लांबी वाढली, पुढचे कमानपाटे, क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट सगळं त्या टॉर्कला कमी पडणार, आणि आरसीवर ते चढणार नाही. एवढी ओढ पाहिजे तर मोठी गाडीच घ्या की.

प्रश्न: क्राउन-पिनियन बदलून ओढ मिळते म्हणतात?

मिळते, चाकांवरची (क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद देणारी शेवटची गिअरजोडी). इंजिन तेच, फक्त गिअरिंग आखूड. घाटात आराम, पण हायवेला इंजिन जास्त फिरतं, अ‍ॅव्हरेज पडतं. दिवे घाटातून सासवड-मार्केट यार्ड अशीच खेप असेल तर विचार करा, कोल्हापूर रूटला नाही. स्पीडोमीटर आणि ८० च्या स्पीड गव्हर्नरचं सेटिंगही मग परत बघावं लागतं. याच्या उलट चूक लोक नकळत करतात, मोठ्या साइजचे टायर टाकतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणतात.

प्रश्न: इंजिन काम करायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

ऑइल फिलरचं झाकण चालू इंजिनवर काढा, भकाभका वाफेसारखा धूर येत असेल तर रिंगा-लायनर गेलेत. पण नुसत्या धुरावर जाऊ नका, कॉम्प्रेशन मोजायला सांगा, चारही सिलिंडर सारखे आहेत का ते आकड्यापेक्षा महत्त्वाचं. एकच कमी असेल तर तिथे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट असू शकतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, किती दिवसांत सेट केले नाहीत ते आठवा, टॅपेट सेटिंग हे सगळ्यात स्वस्त इंजिन काम आहे. आणि खरंच लायनर-पिस्टन टाकायचे असतील तर ओरिजिनल टाका, डुप्लिकेट रिंगा वर्षभरात परत तिथेच आणून सोडतात.

प्रश्न: डिझेलमध्ये टाकायचं औषध, पाइपवर लावायचं लोहचुंबक?

त्या पैशांची मिसळ खा.

प्रश्न: ओढ वाढली की अ‍ॅव्हरेज पडणार ना?

हरवलेली ताकद परत आणलीत तर दोन्ही वाढतं, वरून चढवलेली असेल तर पडतं. महिन्याला ४,००० किलोमीटर धरा, साडेसहाचं अ‍ॅव्हरेज सातवर आलं तर ४४ लिटर वाचतात, ९० रुपयांनी जवळपास ४ हजार. म्हणजे वर्षाचं ६० हजारांचं बजेट सव्वा वर्षात निघतं. टायरची हवा, अलाइनमेंट, ताडपत्री फडफडणार नाही अशी बांधणं, हेही त्याच हिशोबात येतं.

प्रश्न: फरक पडला की नाही हे कसं ठरवायचं? ड्रायव्हर तर नेहमीच म्हणतो मस्त झाली.

ड्रायव्हरवर, मेस्त्रीवर आणि स्वतःवर, तिघांवरही विश्वास ठेवू नका, पैसे खर्च केले की सगळ्यांनाच गाडी मस्त वाटते. मी वही ठेवलीय. खंबाटकीच्या पायथ्याच्या एका ठरलेल्या खुणेपासून माथ्यापर्यंत मोबाइलवर वेळ लावायची, काट्याची पावती जवळ ठेवायची म्हणजे वजन माहीत, कुठला गिअर, पाण्याचा काटा कुठे, वर पोचल्यावर धूर कसा. पहाटे रिकाम्या रस्त्याला, पुढे कंटेनर अडला असेल तर ते रीडिंग फेकून द्यायचं. पाइप बदलायच्या आधी माझे १७ मिनिटं होते, पाइपनंतर १५, पंप-नोझल बेंचवर लावून आणल्यावर १४ च्या आसपास. हेड गॅस्केटच्या खर्चानंतरचे १७ च होते, ते पानही फाडलेलं नाही.

परवडत असेल तर एक्झॉस्टच्या तापमानाचं गेज लावा, टर्बोच्या आधी. पण मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडायला सांगा, जागेवर ड्रिल मारलं तर बुरा टर्बोत जातो आणि मग गेजपेक्षा टर्बो महाग पडतो.

प्रश्न: एवढं सगळं पंधरा वर्षांच्या गाडीवर करावं की विकून टाकावी?

चासी सरळ असेल, केबिन कुजली नसेल आणि रूट ठरलेला असेल तर ठेवा. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी असतं आणि १५ वर्षांवरच्या गाडीची फी बरीच वाढलीय, ते धरून हिशोब करा. समोर नव्या गाडीचा हप्ता लिहा, शेजारी जुन्या गाडीचा वर्षाचा खर्च भागिले बारा लिहा. आमच्याकडे अजून जुनीचाच आकडा कमी येतोय. वडील म्हणतात विकू नको, आई म्हणते वीक एकदाची, मी पुढच्या फिटनेसपर्यंत थांबलोय आणि तोपर्यंत क्लच प्लेट टाकून घेतोय, कारण ओढ परत आल्यापासून चौथ्या गिअरला ती सटकायला लागलीय.